मानसिंगच्या कमरेची दोरी

पुरवणी जबाब. पोलीस ठाणे बोरखिंड, जिल्हा सोलापूर. तारीख १८ मार्च १९७६, गुरुवार, सकाळी ११ वाजता. अकस्मात मयत नंबर ६/७६.

मी रामहरी भिवा खटके, वय ४१ वर्षे, धंदा विहिरी खोदणे व विहिरींचा गाळ काढणे, शिक्षण नाही, मूळ राहणार केम, तालुका करमाळा, हल्ली राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. मला कोणी बोलावणे पाठवलेले नाही. मी आपणहून ठाण्यात येऊन समक्ष सांगतो तो मजकूर असा की,

रविवार तारीख १४ रोजी बोरखिंड धरणाच्या पाण्यात मयत झालेला मानसिंग भिवा खटके, वय २९, हा माझा सख्खा धाकटा भाऊ होय. त्याच दिवशी दुपारी माझा जबाब झाला होता. त्यात 'मयत हा पाण्याखाली घाबरला व एकदम वर आला' असे लिहिले आहे. ते माझे शब्द नाहीत. धरणावरच्या साहेबांनी ते सांगितले, हवालदारांनी लिहून घेतले, आणि मला वाचून दाखवले तेव्हा मी मान हलवून अंगठा दिला. अंगठा दिला म्हणजे मीच सांगितल्यासारखे झाले. तो मजकूर खोटा आहे व तो खोडून आजचा धरावा.

मानसिंग हा पाणबुड्या होता. मुंबईच्या गोदीत नऊ वर्षे ते काम केले. पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून तो पाण्याखाली तास तासभर राहत असे. बोरखिंड धरणाच्या कालव्याच्या दरवाजात बाभळीचे खोड अडकून दरवाजा मधेच थांबला होता. खाली उन्हाळी पिके वाळत होती आणि पाणी सुटत नव्हते. ते खोड काढण्याचे काम गोदीतले मुकादम वीरभद्रप्पा, राहणार अक्कलकोट, यांनी घेतले व मानसिंगला बरोबर आणले. मानसिंगने मुकादमाला गळ घातली की बोटीवर माझा भाऊच पाहिजे. मला तो म्हणाला, "दादा, खाली गेल्यावर वर आपलं मानूस असलं की बरं वाटतं." म्हणून मी गेलो. पाण्यातले काम मला ठाऊक नव्हते. मला विहिरीचे काम ठाऊक आहे.

विहिरीचे काम म्हणजे काय ते साहेबांनी लिहून घ्यावे, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. आमच्यात माणूस मोकळा कधी उतरत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, गाठ घरातल्या वडीलधाऱ्याने मारायची, आणि ज्याने गाठ मारली त्यानेच दोर धरायचा. मधे हात बदलायचा नाही. जुन्या विहिरीत तळाला वाईट हवा असते. तिला वास नसतो. माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही, तो फक्त दोराला हिसका देतो. एक हिसका म्हणजे दोर सोड, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे ओढ. आणि हिसके मोजता आले नाहीत तर विचार करत बसायचे नाही, ओढायचे. विनाकारण ओढला म्हणून वर आलेला माणूस चार शिव्या देतो, तेवढेच. मी बावीस वर्षे दोर धरतो आहे. माझ्या हातातला माणूस वर जिवंत आला नाही असे एकदाच झाले होते.

आता बोयाचे सांगतो. बोया म्हणजे नारिंगी रंगाची जाड रबरी पिशवी, साधारण गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढी, खालून तोंड उघडे. आम्ही तिला फुगा म्हणत होतो, मानसिंग हसायचा. पिशवीला नायलॉनची बारीक दोरी असते व ती लाकडी फिरकीवर गुंडाळलेली असते. पाणबुड्याला खाली हवी ती जागा सापडली की तो पिशवीचे तोंड आपल्या तोंडाजवळ धरून नळीतली हवा तिच्यात सोडतो. पिशवी अर्धी भरली की हात सोडतो. पिशवी सरळ वर जाते, फिरकी भरभर फिरते, आणि पाण्यावर नारिंगी खूण दिसते. म्हणजे वरच्यांना कळते की माणूस इथे खाली आहे व अडलेले खोडही इथेच आहे. धरणाच्या भिंतीवर खोड ओढायला हाताने फिरवायचे यंत्र बसवले होते, त्याचा लोखंडी आकडा त्या खुणेपाशी खाली सोडायचा होता. त्यानंतर पाणबुड्या त्याच दोरीच्या आधाराने हळूहळू वर येतो, वाटेत ठरलेल्या जागी थांबतो. हे सगळे मला मानसिंगने शुक्रवारी दाखवले. धरणाजवळच्या एका मळ्यातल्या विहिरीत उतरून त्याने तीन वेळा फुगा सोडला. प्रत्येक वेळी मी काठावर बसून पाहिले. मला मजा वाटली. मी त्याला म्हणालो, ही पिशवी केमच्या जत्रेत नेली तर पोरे पैसे देऊन बघतील.

मुकादमाने त्याच दिवशी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. बोयाच्या दोरीला बोटीवरच्याने हात लावायचा नाही, आणि ती दोरी पाणबुड्याच्या अंगाला कधीच बांधायची नाही, फिरकी फक्त हातात असते, वेळ आली तर सोडून देता यावी म्हणून. या दोन्ही गोष्टी मला नीट समजल्या होत्या. मला सांगितलेच नव्हते, असे मी म्हणत नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता बोट भिंतीपासून निघाली. बोटीत आम्ही दोघेच. मुकादम यंत्राजवळ भिंतीवर होते, दोनशे पावलांवर. मानसिंगने आपले मनगटी घड्याळ काढून माझ्या हातात बांधले, कारण मला अक्षर येत नाही पण घड्याळ कळते, व वेळ लक्षात ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. पाणी काळे होते व साठ फूट खोल होते. मी खाली पाहिले आणि मला ते बरे वाटले नाही. विहिरीला चारी बाजूंनी भिंत असते, माणूस कुठे आहे ते कळते. इथे काहीच नव्हते. मी मानसिंगला म्हणालो, "दोरी कंबरंला बांद."

तो म्हणाला, "दादा, हिला बांदत न्हाईत. फुगा जोरात गेला तर मला बी घेऊन जाईल की."

मी म्हणालो, "जाऊ दे की मग. वरच यायचं हाय न्हवं?"

तो हसला. म्हणाला, "तू मला बादलीच समजतुयास." मी म्हणालो, मोकळ्या माणसाला पाण्यात सोडणार नाही, आईला काय तोंड दाखवू. त्याने भिंतीकडे पाहिले. मुकादम पाठमोरे होते. मग त्याने हात वर केले, लहानपणी सदरा घालताना करायचा तसे, आणि म्हणाला, "बांद बाबा. तुझ्या जिवाला घोर नको." फिरकीच्या शेवटाची दोरी मी त्याच्या कमरेला बांधली. गाठ मी मारली. विहिरीची गाठ आहे ती, ओढ बसली की आवळते, हाताने सुटत नाही.

पाण्यात उतरण्याआधी तो बोलला ते सगळे मला शब्दाशब्दाने आठवते. तो म्हणाला, "आता एक ऐक. फुगा वर आला की नुसतं बघत बस. दोरीला बोट बी लावू नकोस. मी हळूहळू येनार, वाटंत थांबनार. लई येळ लागला तरी घाबरायचं न्हाई." मी "व्हय" म्हणालो. मी व्हय म्हणालो हे लिहून घ्यावे.

१० वाजून २० मिनिटांनी तो खाली गेला. पाण्यावर बुडबुडे येत होते, त्यावरून तो कुठे आहे ते कळत होते. १० वाजून ३४ मिनिटांनी फुगा वर आला. पाण्याबाहेर उडाला, पडला व उभा राहिला. टम्म भरलेला होता. भिंतीवरून मुकादमाने तांबडे फडके हलवले व माणसे यंत्र फिरवू लागली. मी बोट फुग्याजवळ नेली. इथपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे झाले.

१० वाजून ३६ मिनिटांनी फुगा बुडी मारल्यासारखा खाली गेला व वर आला. परत गेला. मग तिसऱ्यांदा. मी मोजले. नंतर मोजता येईना, दोरी नुसती हिसके देत होती. बुडबुडेही त्या वेळी थांबले होते. हवालदारांनी मला विचारले की तुला बजावले होते ते आठवले नाही का. आठवले. दोरीला हात लावू नकोस हे मला त्या क्षणी स्पष्ट आठवले. तरी माझे हात दोरीवर होते.

मी फुगा बाजूला सारून दोरी धरली व ओढू लागलो. आधी थोडी दोरी मोकळी आली, मग वजन लागले. मग खालून मोठा हिसका बसला. मला वाटले, तो अडकला आहे व मला ओढ म्हणतो आहे. मी दोन्ही पाय बोटीच्या फळीला लावले आणि जोर केला. परत हिसका. मी आणखी जोर केला. जितके हिसके येत होते तितका मी जास्त ओढत होतो. मी तोंडाने "आलास, आलास, धीर धर" असे म्हणत होतो असे मला वाटते, पण ते कोणी ऐकलेले नाही. किती वेळ लागला ते माहीत नाही, घड्याळाकडे पाहिले नाही. एकट्याने साठ फुटावरून माणूस वर काढणारा आमच्या भागात माझ्यासारखा दुसरा नाही असे मोडनिंबपर्यंत लोक म्हणतात. मी त्या कामात चांगला आहे. त्या दिवशीही मी ते काम चांगले केले.

मानसिंग वर आला तेव्हा त्याच्या तोंडातली नळी सुटलेली होती. तोंडाला तांबडा फेस होता. डोळे उघडे होते व त्याने माझ्याकडे पाहिले. उजव्या हातात चाकू होता, तो मी त्याला बोटीत घेतले तेव्हा पायाशी पडला. मला वाटले खोडाच्या फांद्या तोडायला काढला असेल. त्याला बोलता आले नाही. त्याने डावा हात माझ्या दंडावर ठेवला. काठ येण्याच्या आत तो गेला. काठाला लागलो तेव्हा १० वाजून ४८ मिनिटे झाली होती.

त्या वेळी मला आपण काही वाईट केले असे वाटले नाही, हे मी खरे सांगतो. खाली हवा बिघडली, मी ओढला, पण वाचला नाही, एवढेच मला कळत होते. मला वाटत होते मी त्याला वाचवत होतो. धरणावरच्या साहेबांनी, तो घाबरून वर आला असणार, असे होतात अपघात, असे सांगितले. मुकादम माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवली. पंचनामा झाला व प्रेत सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी फुप्फुसे फाटली असे सांगितले. फुप्फुसे कशाने फाटतात ते मी विचारले नाही. सोमवारी केमला नेऊन दहन केले.

काल बुधवारी सायंकाळी पाचच्या सुमारास मुकादम वीरभद्रप्पा मानसिंगची पेटी घेऊन आमच्या शुक्रवार पेठेतल्या खोलीवर आले. आई शेजारी गेली होती. त्यांनी मला विचारले, "दोरी तू ओढलास का?" मी म्हणालो, व्हय. ते उंबऱ्यावरच खाली बसले. मग त्यांनी मला समजावून सांगितले. ते म्हणाले, "फुगा त्यानं खाली अर्धाच भरला होता. वर आला तवा टम्म झाला, बघितलास की न्हाई? खाली पानी दाबून धरतंय. वर येईल तशी हवा फुगते. छातीतली बी तशीच फुगते. हळू आलं तर श्वासाबरोबर निघून जाते. म्हनून हळू यायचं असतंय. तू त्याला श्वास सोडायला येळच दिला न्हाईस, रामहरी."

मी म्हणालो, पण तो हिसके देत होता. ते म्हणाले, "पहिले हिसके कामाचे. खूण सरकू नये म्हनून तो दोरी खोडाला आवळत होता. जोर लावताना मानूस श्वास धरतोय." मी विचारले, मग नंतरचे? ते म्हणाले, पंचनाम्यात दोरी जप्त आहे ती त्यांनी पाहिली आहे. कमरेच्या गाठीपासून वीतभर वर दोरी चाकूने चिरलेली आहे. तीन पदरांपैकी दोन पदर तुटले आहेत, एक राहिला आहे.

म्हणजे तो मला थांब म्हणत होता. मी थांबत नाही हे पाहून तो माझी दोरी कापत होता. माझ्यापासून सुटण्यासाठी त्याच्याकडे जेवढा वेळ होता तेवढ्यात त्याने दोन पदर कापले. तिसरा मी कापू दिला नाही. दोरी ठाण्यात आहे, साहेबांनी ती आज माझ्यासमोर काढून दाखवली, व ती तीच आहे हे मी ओळखले. गाठही माझीच आहे.

मुकादमांनी मला सांगितले की, हे कोणाला बोलू नकोस, जबाब झाला आहे, कागद पुढे गेला आहे, एक गेला तो गेला, दुसरा कशाला तुरुंगात घालायचा. ते माझ्या भल्याचे बोलले. त्यांच्यावर माझी काही तक्रार नाही. त्यांनी दोरी बांधू नका असे सांगितले होते व ती बांधली हे त्यांनी पाहिलेले नाही, तरी त्यांना कोणी दोष देऊ नये. परंतु कागदात मानसिंग घाबरला असे लिहिलेले राहील, ते मला चालणार नाही. नऊ वर्षांत तो कधी घाबरला नाही. जी जागा शोधायची ती त्याने शोधली, फुगा जिथे सोडायचा तिथे सोडला, खूण पक्की बांधायला घेतली. फुगा वर आला ती जागा मुकादमांनी भिंतीवरून धरून ठेवली होती, तिथेच दुसऱ्या दिवशी आकडा टाकून खोड निघाले व कालव्याला पाणी सुटले, असे मुकादम म्हणाले. त्याचे काम चोख होते. माझा भाऊ घाबरला नाही. घाबरलो मी.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, आमच्या दोघांत वैर नव्हते, वाटणीचा तंटा नव्हता, मी दारू पीत नाही. मी त्याला वाढवला आहे. कलम कोणते लागते, शिक्षा किती, ते मी विचारलेले नाही. जी असेल ती घेईन. माझ्याने यापुढे कोणाचाही दोर धरवणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती या कामात लागते की नाही ते साहेबांनी पाहावे. आमचे वडील भिवा हे बावीस वर्षांपूर्वी केम येथे विहिरीत वाईट हवेने मयत झाले. त्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो व दोर माझ्या हातात होता, पहिल्यांदाच. वडिलांना मधेच वर ओढलेले खपत नसे. दोर हलला, पण मला वाटले ते रागावतील, म्हणून मी थोडा थांबलो. आई काठावरच होती. मानसिंग सात वर्षांचा, तिच्या पदराशी होता. त्यानंतर आई मला कधी एका शब्दाने बोलली नाही. पण मी कामाला निघालो की रोज दारात येऊन सांगायची, "दोर हलला की वड रं बाबा."

रविवारी प्रेत आणले तेव्हा ती रडली नाही. मला बाजूला घेऊन तिने एकच विचारले, "लगीच वडलास न्हवं?" मी व्हय म्हणालो. तेव्हा तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाली, "मग तुझ्याकडं दोस न्हाई. तुझ्या बाच्या येळंला उशीर झाला हुता. ह्या येळंला तू केला न्हाईस. देवानंच न्हेला त्याला, तू काय करनार." बावीस वर्षांत आई माझ्याशी इतके मायेने बोलली नव्हती. तेव्हापासून येईल त्याला ती हेच सांगते आहे की, माझ्या थोरल्याने जिवाचे रान करून धाकट्याला वर काढला. आज सकाळी एस.टी.त शेजारच्या बाईलाही तेच सांगत होती. मला एकट्याला ठाण्यात जाऊ देईना, म्हणून बरोबर आली आहे. तिला वाटते, भावाला वाचवायला गेलेला म्हणून साहेबांनी मला बोलावले आहे.

मला जे सांगायचे होते ते सांगून झाले. हा जबाब हवालदारांनी मला दोन वेळा वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, त्यात एक शब्द जास्त नाही व कमी नाही. खाली डाव्या हाताचा अंगठा दिला आहे. आई सोजरबाई बाहेर ओट्यावर बसली आहे. तिला तो अजून कोणी वाचून दाखवलेला नाही.